सिंहाचं पथ्य आणि चितळाचं टिंब

मुलांनो, सरळ बसा. मागच्या रांगेतल्या टक्कल पडलेल्या मुलांनीसुद्धा. आजच्या गोष्टीत गणित आहे. घाबरू नका, सांगणाऱ्यालाच पावकी येत नाही, तो तुम्हाला काय विचारणार?

एका जंगलात एक सिंह होता आणि त्याचं पोट बिघडलं होतं.

त्या जंगलात सगळं कसं रीतसर चाले. दर पौर्णिमेला हरणांच्या कळपाने एक हरीण दरबारात पाठवायचं. त्यातलं अर्धं महाराजांचं, अर्धं दरबाराचं. बदल्यात महिनाभर कोणी कळपाच्या वाटेला जायचं नाही. पाळी वयाने ठरे. कळप थोडा रडे आणि पुन्हा चरायला लागे. ह्याला करार म्हणतात. मोठे झालात की तुम्हीही कराल.

तर पोट. वैद्यराज अस्वलाने महाराजांची जीभ पाहिली, पोट दाबून पाहिलं आणि सांगितलं, "आता पथ्य. जेवढं खाता त्याच्या निम्मं खायचं."

कळपात आनंदीआनंद झाला. महाराज कमी खाणार म्हणजे कोणाची तरी पाळी पुढे जाणार. पण महाराज नुकतेच शेजारच्या जंगलात पाहुणचार घेऊन आले होते. तिथे सगळं दशांशात चालतं, हे त्यांच्या मनात बसलं होतं.

"आपण काय मागासलेले आहोत?" ते म्हणाले. "माझं पथ्य दशांशातच झालं पाहिजे."

आता दशांश जाणणारा आणायचा कुठून? दिवाण कोल्ह्याने दरबारावर नजर फिरवली. कडेला बिंदुमाधव नावाचा एक चितळ उभा होता. मानेपासून शेपटीपर्यंत अंगभर पांढरे ठिपके.

"ज्याच्या अंगावर एवढी टिंबं," दिवाण म्हणाला, "त्याला टिंब कळणार नाही तर कोणाला कळणार?"

दरबाराने माना डोलावल्या. ठिपके काय, कळपातल्या सगळ्यांच्याच अंगावर होते. बिंदुमाधवाला हे माहीत होतं. पण त्याला वाटलं, माझे जरा जास्त रेखीव आहेत. असं तुम्हालाही कधीकधी वाटतं, नाही का?

तो अगदीच अडाणी नव्हता बरं का. तळ्यावरच्या बगळे गुरुजींकडे तो दशांशाची बेरीज शिकला होता. टिंबाखाली टिंब मांडायचं आणि उत्तरात ते सरळ खाली उतरवायचं. एवढं पक्कं झालं आणि गुरुजींची दुसऱ्या तळ्यावर बदली झाली. गुणाकार राहिला तो राहिलाच.

बिंदुमाधवाने ओल्या मातीत खुराने मांडलं. महाराजांचं अर्धं हरीण म्हणजे ०.५. त्याचं निम्मं म्हणजे गुणिले ०.५. पाच पाचा पंचवीस. टिंबाखाली टिंब. २.५.

"अडीच," तो म्हणाला.

"अडीच काय?" सिंहाने विचारलं.

"हरणं, महाराज. पथ्याची."

सिंहाने वैद्यराजांकडे पाहिलं. वैद्यराजांनी मातीकडे पाहिलं. त्यांना मधाच्या पोळ्यांपलीकडे काही मोजता येत नव्हतं. पण तसं म्हटलं असतं तर लोकांनी औषधांवर शंका घेतली असती.

"शास्त्रशुद्ध आहे," ते म्हणाले.

"जड जाईल," सिंहाने सुस्कारा सोडला, "पण प्रकृतीसाठी करायलाच हवं."

अडीच महाराजांची, अर्धं दरबाराचं. त्या पौर्णिमेला कळपातून एकाच्या जागी तीन हरणं गेली. बिंदुमाधवाला 'गणितभूषण' ही पदवी मिळाली आणि गळ्यात रानवेलींचा हार पडला. तो हार घालूनच तो घरी आला. कळपात कोणी त्याच्याशी बोललं नाही. त्याला वाटलं, विद्वानांच्या नशिबी हे असायचंच.

त्याची आई लहानपणीच गेली होती. यमूआत्याने त्याला वाढवलं होतं. ती मात्र त्याच्याजवळ येऊन बसली.

"माधवा, महाराज पथ्यावर आहेत ना रे?"

"आहेत."

"आधी अर्धं खायचे आणि पथ्यावर अडीच?"

"आत्या, ते दशांशात आहे. तुला नाही कळायचं."

"नसेल कळत," आत्या म्हणाली. "पुढच्या पौर्णिमेला जे तिघं जाणार त्यात मी आहे, तेवढं कळतं."

एवढं बोलून ती चरायला गेली. बिंदुमाधवासमोर एक रानकाकडी पडली होती. त्याने अर्धी खाल्ली. उरलेल्या अर्धीतली अर्धी खाल्ली. पुढ्यात एवढासा तुकडा राहिला. त्याच्या काही केल्या अडीच काकड्या होईनात.

तो मातीत पुन्हा गणित मांडू लागला. पुसून मांडलं, परत पुसलं. मग हळूहळू त्याच्या डोक्यात उजेड पडला. टिंबाखाली टिंब ही रीत बेरजेची. गुणाकारात टिंब खाली उतरवायचंच नसतं. टिंबापुढचे आकडे मोजायचे. ह्या संख्येत एक, त्या संख्येत एक, मिळून दोन. उत्तरात उजवीकडून दोन घरं मोजायची आणि मग टिंब द्यायचं. ०.२५. पाव.

"वा रे गणितभूषण," तो स्वतःला म्हणाला. दोन जीव ह्या एका टिंबाने जास्त गेले होते आणि त्याबद्दल त्याने गळ्यात हार घालून घेतला होता. दरबारात पाटावर बसायला मिळालं तेव्हा आपण ताटातली जात आहोत, हेच तो विसरला होता. तो खूप रडला. मग हार खाऊन टाकला, कारण हरणाला दुसरं काय सुचणार?

पौर्णिमा आली. दरबारात तीन हरणं उभी राहिली. पहिला एक लंगडा म्हातारा, मग पाडस मागे सोडून आलेली एक हरिणी आणि शेवटी यमूआत्या. पथ्याने महाराजांचं अंग चांगलंच सुटलं होतं. वैद्यराज सगळ्यांना सांगत होते की गुण येतोय.

बिंदुमाधव पुढे व्हायला लागला तसं दिवाणाने त्याला बाजूला घेतलं. कोल्हाच तो, चेहऱ्यावरून ओळखलं त्याने.

"पंडितजी, टिंब आहे तिथे राहू द्या," तो हळूच म्हणाला. "आत्यांची पाळी मी कायमची टाळतो. पण टिंब हललं तर चूक तुमची ठरेल. मग तुमचं काय करायचं ते महाराज बघतील."

शूर वगैरे बिंदुमाधव कधीच नव्हता. गप्प बसलं तर आत्या वाचते, आपणही वाचतो, पदवीही राहते. असलं गणित कोणालाही लगेच सुटतं. त्याने आत्याकडे पाहिलं. मग पाडसवालीकडे. मग स्वतःच्या पाठीवरच्या ठिपक्यांकडे. ह्यातला एकही आपण अभ्यास करून मिळवलेला नाही, हे त्याला पहिल्यांदाच जाणवलं आणि त्या भीतीतही त्याला हसू आलं.

"महाराज, माझं चुकलं," तो मोठ्याने म्हणाला. दरबाराने महिनाभर जपलेल्या मांडणीतलं जुनं टिंब त्याने खुराने पुसलं आणि दोन घरं मोजून नवं दिलं. "पथ्य अडीचचं नाही, पावाचं आहे. एक हरीण पुरतं, शिवाय थोडं उरतं."

सिंहाने वाकून नवं टिंब पाहिलं.

"म्हणजे मागच्या पौर्णिमेला," तो म्हणाला, "मी पथ्य मोडलं?"

"हो, महाराज."

"माझ्या प्रकृतीशी एवढा खेळ?" सिंहाचा आवाज दुखावला होता. गेलेल्या हरणांबद्दल त्याने काही विचारलं नाही. "वैद्यराज, आता माझं काय होणार?"

"काटेकोर पाळावं लागेल, महाराज," वैद्यराज म्हणाले.

"पाळू. तुम्ही तिघं घरी जा," सिंह म्हणाला. "ह्या पौर्णिमेचं हरीण आम्हाला मिळालेलं आहे."

यमूआत्या गेली नाही. तिने बिंदुमाधवाच्या मानेवर मान टेकली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"राहू द्यायचं होतंस रे टिंब, वेड्या."

"आत्या," तो म्हणाला, "उभ्या जन्मात एक गुणाकार बरोबर आला, आणि त्यात माझाच भागाकार निघाला. माझ्यासारखा पंडित दुसरा सापडायचा नाही."

आत्याला रडता रडता हसू आलं आणि मग तिला हसवेना.

त्या दिवशी महाराजांनी पथ्य अगदी काटेकोर पाळलं. पाव म्हणजे पाव. अर्धं दरबाराला गेलं. उरलेला पाव वैद्यराजांनी अभ्यासासाठी घरी नेला. दिवाणाने भाषण केलं आणि आपल्या जंगलात दशांश पद्धत किती छान रुजली आहे ते सांगितलं.

तात्पर्य : मुलांनो, गुणाकारात टिंब चुकीच्या जागी दिलं तर दुसऱ्याचा जीव जातो आणि बरोबर जागी दिलं तर आपला, म्हणून हुशार मुलं टिंब देण्याचं काम दुसऱ्याकडे सोपवतात आणि मोठेपणी दिवाण होतात.