भेकरीणबाईंचा कागदी बो

एका जंगलात, बाळांनो, एकच तळं होतं. जंगल मोठं आणि तळं लहान, त्यामुळे भांडणं मध्यम आकाराची होत. याच तळ्यावर एक भेकरीण, म्हणजे कुत्र्यासारखी भुंकणारी हरणी, पाणी प्यायला येई. तिचं पिल्लू नुकतंच धड चालायला लागलं होतं. नदी फार लांब होती, तिथवर जाणं त्या लेकराला झेपणारं नव्हतं.

एक दिवस कोल्ह्याने दवंडी पिटली. "ऐका हो ऐका! तळं यापुढे फक्त सिंहमहाराजांच्या पोहण्यासाठी राखीव! कोणाची हरकत असेल तर परवाच्या सभेत सांगावी. सभेला येताना गळ्यात बो हवा. उघड्या गळ्याला प्रवेश नाही!"

सगळ्यांनी धावत जाऊन भेकरिणीला गाठलं. कारण तिचा आवाज! ती ओरडली की डोंगरापलीकडची माणसं दारं लावून घेत.

"तूच बोल गं बाई," साळिंदर म्हणालं. "तू गप्प बसलीस तर मेलो आपण."

"बोलते की! माझ्या लेकराच्या पाण्याचा प्रश्न आहे. भिते की काय मी कोणाला?"

पण बो आणायचा कुठून? तेव्हा वानरीणबाई पुढे आल्या. त्या काही काळ शहराच्या कडेला राहून आल्या होत्या, म्हणून त्यांना सगळंच येत होतं. त्यांनी वडाखाली छंदवर्ग काढला. सहलीची माणसं कागद टाकून गेलीच होती.

"चौकोनी कागद घ्या. आलटूनपालटून घड्या घाला. नखाने दाबा, नखाने! आता मध्ये चिमटीत धरा, वेल बांधा आणि दोन्ही बाजू पंख्यासारख्या उघडा. झाला बो!"

"अहो बाई, माझी घडी तिरकी गेली!" अस्वल रडवेलं झालं.

भेकरिणीचा बो मात्र बघत राहावा असा झाला. कागद भेळेच्या पुडीचा होता, पण तेलाचा डाग बरोबर मधोमध आला होता. जो तो म्हणे, काय गं बाई तुझा हात!

"आणि भाषणाचं काय?" साळिंदराने विचारलं.

"थांब हो, आधी कड सरळ होऊ दे."

हसू नका, बाळांनो. तुमच्या घरीही पाहुणे येणार म्हणून पडदे धुतात आणि जेवण राहून जातं.

निघताना वानरीणबाईंनी बजावलं, "कागद आहे, जपा! मान हलवू नका. गळा फुगवू नका. बो फाटला तर बाहेर काढतील."

सभा भरली. महाराजांना आयाळ होती, म्हणून त्यांना बो माफ होता. त्यांनी विचारलं, "कोणाची हरकत?"

भेकरीण उभी राहिली. तिने छाती भरून श्वास घेतला, गळा फुगला आणि कागद कर्रकन वाजला.

"अगं, जपून!" वानरीणबाई कुजबुजल्या.

भेकरिणीला पिल्लू आठवलं. मग त्या घड्या आठवल्या, किती मन लावून घातलेल्या! तिने हळूच श्वास सोडला आणि तोंड मिटलं. बाकीचेही माना ताठ धरून समोर बघत राहिले.

"हरकत नाही. मंजूर!" महाराज म्हणाले. जाता जाता ते भेकरिणीजवळ थांबले. "बो छान आहे हं."

"इश्श! घरीच केलाय, महाराज."

दुसऱ्या दिवशी तळ्यावर लांडग्यांचा पहारा बसला.

"एक बरं झालं," वानरीणबाई म्हणाल्या. "पाण्याजवळ जायचंच नाही, म्हणजे बो भिजायची भीती नाही."

भेकरीण पिल्लाला घेऊन नदीच्या वाटेला लागली. उन्हात थोडं चालून पिल्लू मटकन खाली बसलं.

"आई, पाणी."

भेकरिणीला रडू कोसळणार होतं. पण ती रडली नाही. बो भिजला असता.

तात्पर्य : घशाला कोरड पडली तरी हरकत नाही, गळ्यातला बो कोरडा राहिला पाहिजे.