उधळपट्टीचं उदाहरण

कोशाच्या कचेरीत 'उधळपट्टी' या शब्दाचं मूळ शोधण्यात बाईंचे तीन महिने गेले. 'उधळणे' सरळ होतं. त्याला मागून 'पट्टी' कुठून चिकटली, हे कुणालाच छातीठोक सांगता येईना. अखेर त्यांनी 'व्युत्पत्ती अनिश्चित' असं लिहिलं आणि अर्थ दिला: पैशाची, वस्तूंची किंवा वेळेची विनाकारण नासाडी. राहिलं फक्त उदाहरण.

नियम असा, की उदाहरण कुणाच्या तरी तोंडून ऐकलेलं हवं, मनाने रचलेलं नको. बाई मूळच्या रसायनशास्त्राच्या. नियम म्हणजे नियम. दोन महिन्यांनी त्या निवृत्त होणार होत्या. तोवर 'उ' छापायला गेला नाही, तर त्यांच्या बारा वर्षांच्या कामावर दुसऱ्याच कुणाचं नाव लागणार होतं. म्हणून घरी ऐकलेलं वाक्य त्यांनी घाईघाईत टाकलं: 'तीन माणसांना बारा खुर्च्यांचं टेबल, ही उधळपट्टीच.'

नमुन्याची पानं अभिप्रायासाठी चाळीस वाचकांकडे गेली. त्यांत नणंद होती. टेबलही तिचंच होतं.

"वहिनी, माझं टेबल कोशात गेलं म्हणे," ती फोनवर थंडपणे म्हणाली. "वाक्य दादाचंच ना?"

दादाने, म्हणजे बाईंच्या नवऱ्याने, कानांवर हात ठेवले. बाईंनी वाक्य बदललं. नवं वाक्य सासूबाईंचं होतं, रोज गाडी धुण्याबद्दल. त्यानंतर धाकटे दीर तीन आठवडे घराकडे फिरकले नाहीत. मग कचेरीतल्या शिपायाकडून 'एका मिशीला चार कात्र्या' मिळालं. मुख्य संपादकांनी ते वाचलं, मिशीवरून हात फिरवला आणि कागद परत केला. कचेरीत मिशी एकच होती.

दर वेळी पानं नव्याने जुळवायची, छापायची, चाळीस पाकिटांत घालायची. निवृत्तीला आठवडा उरला तेव्हा बाई पुढ्यातल्या ताटाकडे नुसत्या बघत बसल्या होत्या.

नवरा म्हणाला, "कोशवाल्या बाईंनी एका शब्दापायी चार महिने घालवले. ह्याला म्हणतात उधळपट्टी."

बाईंनी हात धुतले आणि वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं.

या खेपेला एकही हरकत आली नाही. दीर येऊन जेवून गेले. नणंदेने आपणहून फोन केला.

"वहिनी, हे मात्र पटलं हं. लहान पोरालासुद्धा अर्थ कळेल."

मुख्य संपादकांनी सही केली, मग पान पुन्हा जवळ ओढलं.

"एक सुचवू का, बाई? चार नाही, पाच महिने झाले. कोशात चूक नको."

बाईंनी पेन उघडलं. ऐकलेल्या वाक्याला त्यांनी बारा वर्षांत कधी हात लावला नव्हता. पण आकडा संपादकांचा बरोबर होता.