कादंबरी रुजू झाली

सोमवारी विद्यापीठाने माझ्या कादंबरीची सर्जनशील लेखनाची प्राध्यापक म्हणून नेमणूक केली आणि मंगळवारी ती रुजू झाली.

अर्ज माझा होता. आदेश टाइप करताना 'कादंबरीकार'मधला 'कार' गळला, एवढंच. मी आस्थापना विभागातल्या शेंडेबाईंना चूक दाखवली.

"कुलगुरूंची सही झालीये, गावडे सर. आता काही होत नाही."

"अहो, पण ती अजून अपुरी आहे! शेवटचं प्रकरणच नाही!"

"मग परिवीक्षेवर राहतील मॅडम. सहा महिन्यांत पूर्ण झाल्या तर कायम. नाहीतर अपुरे कागद रद्दीत जातात, नियमच आहे."

नऊ वर्षं तो शेवट मला हुलकावणी देत होता. मग मी सरळ तिच्याच वर्गात प्रवेश घेतला. हजेरी क्रमांक एकेचाळीस.

आणि काय शिकवायची हो! टेबलावर उघडून बसायची आणि पोरं बाकाच्या टोकावर येऊन ऐकायची. फक्त माझं सहावं प्रकरण आलं की ती भराभर पानं उलटायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मुदतीच्या दिवशी तिने भर वर्गात मला उभं केलं.

"गावडे, गृहपाठ?"

"नाही झाला, मॅडम."

"कारण?"

"शेवट लिहिला की तुम्ही माझ्या राहणार नाही."

तिची पानं जराशी थरथरली.

"आज पाच वाजेपर्यंत नाही लिहिलात, तर मी कुणाचीच राहणार नाही. बसा. लिहा."

मी लिहायला बसलो. काय सुटला होता हात! शाई संपली तर पुढच्या बाकावरच्या वैदेहीने स्वतःचं पेन दिलं. पोरं एकेक पान हातोहात टेबलाकडे पोचवत होती. पाचला सात मिनिटं असताना शेवटचा पूर्णविराम पडला आणि आम्ही सगळे तिला घेऊन आस्थापना विभागाकडे धावत सुटलो.

शेंडेबाईंनी पानं मोजली, दोऱ्याने ओवली, शिक्का मारला. "कायम."

मी लहान मुलासारखा रडलो. कादंबरी मात्र शांत होती.

"सहावं प्रकरण अजून कच्चं आहे, गावडे," ती म्हणाली. "पण शेवट बरा जमलाय. विभागात आणखी एक जागा निघतेय. उद्यापासून दुसरी सुरू करा."

"हो, मॅडम," मी म्हणालो, आणि वैदेहीचं पेन परत द्यायचं विसरलो.