लाल गिटार सुरात राहिल्याचा अहवाल

कोणतीही वस्तू आपोआप बिघडत नाही. त्यासाठी आधी तिची काळजी घेणारी समिती नेमावी लागते. शहाद्यातल्या एका शिक्षणसंस्थेला हे सत्य अनुभवाने ठाऊक होतं. (संस्थेचं नाव इथे दिलेलं नाही. दिलं तर बाकीच्या संस्था, आमचं का नाही, म्हणून रुसतील.) त्यामुळे संस्थेने लाल रंगाची इलेक्ट्रिक गिटार आणली तेव्हा पेटीतून गिटार निघण्याआधी कागदावर समिती निघाली.

गिटार आणण्यामागे थोर विचार होता. अध्यक्ष करणसिंगबापू एकदा शेजारच्या तालुक्यात स्नेहसंमेलनाला गेले होते. तिथे एका पोराने वाजवता वाजवता गिटारीला बसवलेली लोखंडी दांडी दाबली. दाबताच सूर ओल्या बांधावरून पाय घसरावा तसा खाली गेला, आणि सोडताच होता तिथे परत येऊन उभा राहिला. बापूंच्या चाळीस वर्षांच्या सार्वजनिक आयुष्यात त्यांनी दाबलेली एकही गोष्ट अशी आपल्या पायाने परत उभी राहिली नव्हती. त्यांनी त्याच आठवड्यात ठराव केला.

गिटार आली म्हणजे माणूस आला. म्हणून रनाळ्याची रूपाली आली. संगीतात एम.ए., घरी कापूस आणि दोन म्हशी, रोज एस.टी.ने येणं-जाणं. तिची नेमणूक तासिका तत्त्वावर होती. (माणसाला राबवायचं सगळं आणि नेमायचं तुकड्यातुकड्याने, याला आपल्याकडे तत्त्व म्हणतात.) अडचण एवढीच, की संस्थेच्या कार्यभारात संगीत नावाचा विषयच नव्हता. तेव्हा तिच्या आदेशात लिहिलं गेलं: ‘वाद्य सुरात ठेवणे, आठवड्यास नऊ तासिका.’ बावीस पोरींना ती गाणं शिकवायची, ते या नऊ तासिकांच्या फटीत, स्वतःच्या जबाबदारीवर. आदेशाच्या शेवटी बारीक अक्षरात एक ओळ होती: मूल्यांकन पथकाच्या भेटीवेळी वाद्य बेसूर आढळल्यास नेमणूक पुढे चालू राहणार नाही.

रूपालीने ती ओळ पन्नासदा वाचली. दुसऱ्या बाजूने एकदाही वाचली नाही. ते पुढे येईल.

दांडीच्या गिटारीचं शास्त्र साधं आहे. तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीला, म्हणजे घोडीला, पुढून सहा तारा ओढतात, मागून पोटातल्या स्प्रिंगा ओढतात. दोन्हीकडची ओढ सारखी झाली की घोडी मध्ये तोल धरून उभी राहते. दांडी दाबली की ती झुकते, सोडली की परत येते. संस्थेची घोडी झुकायची व्यवस्थित. परत येताना मात्र कधी चढून यायची, कधी उतरून, आणि सहा तारा सहा दिशांना तोंड करून बसायच्या.

दांडी दाबली नसती तर हे उघडकीस आलंच नसतं. पण संस्थेत पाहुण्यांच्या स्वागताची रीत ठरून गेली होती: नारळ, शाल, दांडी. दीप लावताना वारा येतो, फीत कापताना कात्री सापडत नाही. दांडीला ना तेल लागतं ना कात्री. त्यामुळे येईल तो पाहुणा शाल सावरत दांडी दाबायचा. रूपालीने तक्रार केल्यावर संस्थेने तत्परतेने कारवाई केली आणि ‘दांडी हाताळणी नोंदवही’ सुरू केली. नाव, कारण, शेरा, सही. पहिल्या चार महिन्यांतली आकडेवारी अशी: दाबणारे एकूण छप्पन्न. पैकी ‘वा’ म्हणणारे एकतीस, ‘च्‌च्‌’ म्हणणारे एकोणीस, आपल्या काळी दांडीशिवायही वाजायचं असं सांगणारे पाच, आणि शेतकी खात्याचे एक, ज्यांनी दोनदा दाबून हिला ठिबकवर चालवता येईल का, असं विचारलं. शेऱ्याच्या रकान्यात छप्पन्नही जणांनी ‘ठीक’ लिहिलं होतं. बिघडलेल्या सुराचं आता कोण काय करणार, हे विचारायला कोणीही थांबलं नव्हतं. पाहुण्यांना पुढचे कार्यक्रम असतात.

दर पाहुण्यामागे रूपालीचा पाऊण तास जायचा. एक तार चढवली की बाकीच्या पाच उतरायच्या. (हा नियम गिटारीत नवा वाटला, तरी संचालक मंडळाला नवा नव्हता.) त्या पाऊण तासात पोरी बाकांवर बसून वाट पाहायच्या. मूल्यांकन पथक यायला सोळा दिवस उरले, तेव्हा तिने लेखी कळवलं की वाद्य दुरुस्तीला द्यावं लागेल. समिती बसली. प्रयोगशाळेतल्या एका जाणत्याने गिटार उलटी-सुलटी करून मत दिलं की जे हलतं ते ढिलं असतं, आणि दिसतील ते सगळे स्क्रू गच्च आवळून दिले. आता दांडी दाबायला दोन हात लागू लागले. समितीने ही प्रगती म्हणून नोंदवली.

शेवटी रूपालीला सत्तारचाचा आठवले. बसस्टँडमागे त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. तिच्या आईचं मशीन त्यांनीच दोनदा जिवंत केलं होतं. फावल्या वेळात ते पेटीचा भाताही शिवून द्यायचे. गिटार आवाराबाहेर न्यायला मनाई होती, म्हणून चाचांना आवारात आणावं लागलं. फाटकावरच्या वहीत येणाऱ्यांचे तीनच प्रकार छापले होते: विद्यार्थी, पालक, पाहुणे. चाचा पहिल्या दोन्हींत बसेनात. सबब ते पाहुणे झाले. सबब त्यांना नारळ आणि शाल मिळाली, आणि अनुक्रमांक सत्तावन्नवर सही घेऊन त्यांना दांडी दाबायला लावण्यात आली.

त्यांनी दाबली, सोडली, कान लावला. संस्थेच्या इतिहासात दांडी दाबून ऐकणारा हा पहिला पाहुणा. मग शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी ‘बिघाड आहे’ असं लिहिलं. शिपाई उखाभाऊंनी ते खोडून ‘ठीक’ केलं, कारण आधीची सगळी पानं तशीच होती.

“हाई मशीनच शे बेटा,” चाचा रूपालीला म्हणाले. “वरना दोरा न् खालना दोरा. दोन्हीस्ना ताण बराबर नही, तं टाका कसा बसी?”

त्यांनी खुंट्यांकडे बोट दाखवलं. एकेका खुंटीवर तारेचे अकरा-अकरा वेढे होते. दोन-तीन वेढे पुरतात. जास्तीचे वेढे दांडी दाबली की सैल होतात आणि परत नीट बसत नाहीत. तारा उखाभाऊंनी बसवल्या होत्या.

“उखाभाऊ, इतली तार कसाले गुंडाळी?” रूपालीने विचारलं.

“मंग काय करू?” उखाभाऊ म्हणाले. “डेडस्टॉकमा लांबी लिखेल शे. एकशे सहा सेंटीमीटर, नग सहा. कापी तं तुकडा कोन्हा नाववर चढाडू?”

हे म्हणणं बिनतोड होतं. शासकीय लेखापरीक्षणात सूर मोजत नाहीत, तार मोजतात. तार कापायची परवानगी मागायची तर आधी ती निकामी ठरवावी लागणार, आणि निकामी ठरवायला जी समिती लागते तिच्यातले दोन सदस्य निवृत्त झाले होते आणि एक वारले होते. (वारलेल्यांची उपस्थिती त्यातल्या त्यात चांगली होती, त्यांच्या नावापुढे सही अजून लागत होती.) रूपालीने तोडगा काढला. कापलेले सहा तुकडे तिने चिकटपट्टीने डेडस्टॉक रजिस्टरच्या त्याच पानावर चिकटवले आणि खाली लिहिलं: लांबी पूर्ण आहे, फक्त दोन ठिकाणी आहे. उखाभाऊंनी पट्टी लावून मोजलं, बेरीज जुळली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर शांती पसरली.

पुढचं काम सकाळच्या पहिल्या घंटेपासून दुपारच्या जेवणापर्यंत चाललं. घोडीला धरून ठेवणारे, समितीने आवळलेले स्क्रू चाचांनी ढिले केले. इतकेच, की घोडी हलावी पण डुलू नये. तिच्या टेकायच्या धारेवर मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला. मानेच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात, तिथे तारा अडकत होत्या. परीक्षा विभागाकडून पेन्सिल मागवून शिसं खाचांत घासलं. (परीक्षा विभागाने पेन्सिलची पावती घेतली. शिशाची राहिली.) मग मागचं झाकण उघडून स्प्रिंगांचे स्क्रू पाव फेरा फिरवायचे, पुढे रूपालीने मोबाईलवरच्या सूरमापकात बघत सहाही तारा लावायच्या, पुन्हा पाव फेरा, पुन्हा सहा तारा. नव्याने बसवलेल्या तारा ताणत असतात म्हणून प्रत्येक तार हलकेच ओढून पुन्हा लावायची. अकरा वेळा झालं. बाराव्या वेळी मोबाईलवरचा काटा मधोमध हिरवा झाला आणि दांडी दाबून सोडली तरी हिरवाच राहिला.

जवळजवळ हिरवा. तिसरी तार किंचित सरकत होती. तिच्या खाचेत पेन्सिल फिरवायची तेवढी राहिली होती. चाचांनी पेन्सिल उचलली, दाराकडे पाहिलं, आणि परत खाली ठेवली.

“बेटा, हाई एक तार अशीच ठिवू का?” ते हळू म्हणाले. “रोज सकाळले तुले लावनी पडी. पण तुन्ही गरज ऱ्हाई.”

मशीन पुरतं दुरुस्त करू नये, असं त्यांच्या बापाने त्यांना शिकवलं होतं. पुरतं दुरुस्त झालं की गिऱ्हाईक मशीन ओळखतं, मिस्त्रीला विसरतं. चाचांनी आयुष्यभर हे ऐकलं नाही, आणि म्हणून त्यांचं दुकान अजून पत्र्याचं होतं.

रूपालीला आदेशातली बारीक ओळ आठवली: बेसूर आढळल्यास. तिला बाकांवर वाट पाहणाऱ्या बावीस पोरीही आठवल्या. शिवाय तिला रागही आला. अर्धवट काम करून जागा राखणारे तिला त्या इमारतीत रोज भेटत.

“नही चाचा,” ती म्हणाली. “पुरीच करा.”

चाचांनी पुरी केली.

मूल्यांकन पथक आलं. तिघे होते. नारळ, शाल, दांडी. पहिल्याने दाबली, सूर परत आला. दुसऱ्याने दाबली, परत आला. तिसऱ्या बाईंनी मुद्दाम जोरात दाबून मध्येच हात सोडला. तारा थरथरल्या आणि सूर जागेवर. रूपालीने लगेच पोरींना खूण केली आणि बावीस जणींनी त्याच सुरात गाणं उचललं. पण पथकाला ग्रंथालयात चहा होता. नोंदवहीत अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ: ठीक, ठीक, ठीक. अहवालात एक ओळ आली: ‘संस्थेकडे कायम सुरात राहणारे वाद्य उपलब्ध आहे.’

या ओळीवर संचालक मंडळाने गांभीर्याने विचार केला. विचार असा: रूपाली यांची नेमणूक वाद्य सुरात ठेवण्यासाठी आहे. वाद्य कायम सुरात राहते, असे तज्ज्ञांनी प्रमाणित केले आहे. जे राहतेच ते ठेवण्यासाठी माणूस नेमणे ही उधळपट्टी होय. सबब, नऊ तासिका रद्द. गाणं शिकवण्याबद्दल मंडळाला काहीच म्हणायचं नव्हतं, कारण कागदावर ते कधी सुरूच झालं नव्हतं.

आदेश घेऊन रूपाली बापूंपुढे उभी राहिली. आवाज न चढवता तिने विचारलं, “बापू, ती सुरात कोणी ठेवली?”

बापू मनाने चांगले होते. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली. “तेच तं सांगी ऱ्हायनू ना बेटा,” ते समजावणीच्या सुरात म्हणाले. “आते ठेवनीच पडत नही.”

निरोप समारंभ मात्र संस्थेने रीतसर केला. नारळ दिला, शाल दिली, आणि दांडीपुढे उभं केलं. रूपालीने दांडी लाकडाला टेकेपर्यंत दाबली आणि सोडली. सूर परत आला. तिने शेऱ्यात लिहिलं: ‘सुरात आहे. सत्तार मिस्त्री आणि मी.’ ती फाटकाबाहेर पडेपर्यंत उखाभाऊंच्या हातात खोडरबर आलं होतं. पण तिने शाईने लिहिलं होतं. उखाभाऊ पेनही उचलू शकले असते. चाचांच्या वेळी उचललंच होतं. त्यांनी बराच वेळ त्या ओळीकडे पाहिलं आणि वही तशीच मिटली. संस्थेच्या दप्तरात तेवढी एक चूक राहून गेली आहे.

रूपाली आता रनाळ्यात घरच्या ओट्यावर शिकवते. बावीसपैकी सहा पोरी एस.टी.ने येतात, बाकीच्यांना पास मिळत नाही. गिटार संस्थेच्या दर्शनी भागात काचेच्या कपाटात उभी आहे, दांडी तेवढी बाहेर काढलेली, पाहुण्यांच्या सोयीसाठी. तारा गंजल्या आहेत, दोन तर पुरत्या उतरल्यात. नोंदवही एकशे अठ्ठ्याऐंशीवर पोचली असून शेरे समाधानकारक आहेत.

आपणही इथवर आलात. मध्ये दोनदा हसलात, शेवटी शेवटी ‘च्‌च्‌’ केलंत, आणि आता पुढचं पान उलटणार आहात, कारण आपल्यालाही पुढचे कार्यक्रम असतील. हरकत नाही, रीतच तशी आहे. आपला अनुक्रमांक एकशे एकोणनव्वद. पेन दोरीने बांधलेलं आहे. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहायचं, ते आपल्याला सांगायला नको.