नॅशव्हिल ते न्यू ऑर्लीन्स, आरामात

वेंडेल स्टबलफील्ड त्या दिवशी सकाळी तोंडातला घास नीट चावून गिळता आणि गप्प बसता, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

ओपल एवढंच म्हणाली होती, "लग्नाला चाळीस वर्षं होतील. या खेपेला न्यू ऑर्लीन्सला जाऊ. सकाळी निघालं की संध्याकाळी पोचतो. तू नुसती गाडी चालव."

'नुसती' हा शब्द वेंडेलला लागला. एकतीस वर्षं नॅशव्हिलच्या पाणीखात्यात काढलेला माणूस तो. नुसतं असं त्याने आयुष्यात काही केलं नव्हतं. घरातला नळ गळला तरी तो आधी कागदावर चित्र काढायचा. (चित्र पुरं होईपर्यंत ओपल शेजारच्या हॉइटला बोलावून नळ दुरुस्त करून घ्यायची, ही गोष्ट वेगळी.)

"हमरस्त्याने कशाला जायचं?" तो म्हणाला. "ट्रक आणि पेट्रोलपंप बघत? जुन्या नॅचेझ रस्त्याने जाऊ. दोन्ही बाजूंना झाडी, एक ट्रक नाही, जाहिरातीची एक पाटी नाही. नॅचेझला नदीकाठी मुक्काम. चार दिवसांत, आरामात."

"आणि हे सगळं ठरवणार कोण?"

"मी."

ओपलने कॉफीचा कप खाली ठेवला आणि काही बोलली नाही. चाळीस वर्षांत वेंडेल एवढं शिकला होता, की ओपल बोलत असेल तर काळजीचं कारण नसतं.

तिच्या गप्प बसण्याला इतिहास होता. लग्न झाल्यावर दोघं न्यू ऑर्लीन्सलाच निघाले होते. वाटेत हंट्सव्हिलला वेंडेलची आत्या राहायची. 'अर्धा तास डोकावू' म्हणून तो थांबला, आत्याचं छप्पर गळताना दिसलं, आणि तो वर चढला. चार दिवसांनी खाली उतरला तेव्हा रजा संपली होती. ओपलने मधुचंद्राचे चार दिवस आत्याबरोबर ओट्यावर बसून वाटाणे सोलण्यात घालवले. ही हकीकत ती प्रत्येक लग्नात नव्या नवरीला बाजूला घेऊन सांगायची.

म्हणून वेंडेलने मनाशी ठरवलं, या वेळी कुठेही चूक होऊ द्यायची नाही.

पहिल्या आठवड्यात नकाशे जेवणाच्या टेबलावर आले. दुसऱ्या आठवड्यात जेवण सोफ्यावर गेलं. पंधरा-पंधरा मिनिटांचा तक्ता तयार झाला. 'दहा चाळीस: धबधबा. दहा पंचावन्न: धबधबा संपला.' ओपलने तो वाचला आणि विचारलं, "आणि मला धबधबा अकरापर्यंत बघावासा वाटला तर?"

"मग सँडविच गाडीत खावं लागेल," वेंडेल म्हणाला. त्यात हसण्यासारखं काय आहे ते त्याला कळलं नाही. (ओपल हसतही नव्हती.)

हॉइट रोज संध्याकाळी कुंपणापाशी येऊन तक्त्यात भर घालायचा. "त्या रस्त्यावर पेट्रोल मिळत नाही, माहीत आहे ना? आणि पन्नासच्या वर गेलास की पोलीस धरतो. आणि हरणं."

"हरणांचं काय?"

"मध्ये येतात."

वेंडेलने हरणांसाठी रोजची वीस मिनिटं राखून ठेवली.

इथवर सगळं सुरळीत होतं. मग ओपलने फोनवर आपल्या थोरल्या बहिणीला सांगितलं. व्हर्ना चार वर्षांपूर्वी विधवा झाली होती आणि मर्फ्रीसबरोला एकटीच राहायची. ती म्हणाली, "किती छान. मी कधी कुठे गेलेच नाही." असं कुणी म्हटल्यावर ओपलला 'तूही चल' म्हणावंच लागलं. ओपलने विचारलंय म्हटल्यावर व्हर्नाला यावंच लागलं. आणि ती येतेय म्हटल्यावर वेंडेलला आनंद व्हावाच लागला.

"फक्त एक सांगून ठेवते," व्हर्ना त्याला म्हणाली. "मला पूल चालत नाही."

"म्हणजे कसला पूल, व्हर्नाताई?"

"कसलाही. पुलावर गाडी गेली की माझा जीव खाली राहतो."

वेंडेलने नकाशावर भिंग धरलं. नॅशव्हिलपासून न्यू ऑर्लीन्सपर्यंत देवाने जागोजागी पाणी सोडलं होतं. वेंडेलने स्वतः पाण्याची नोकरी केली होती, पण पाण्याचा इतका राग त्याला कधी आला नव्हता. टेनेसी नदी तर होतीच, पण त्याही आधी, रस्ता सुरू होतो न होतो तोच, फ्रँकलिनजवळ तो कमानींचा मोठा पूल होता. पंधरा मजली इमारत खाली उभी राहील एवढा उंच. लोक तो बघायला मुद्दाम लांबून येत.

तीन दिवस डोकं खाजवून त्याने उपाय काढला. पूल आला की व्हर्नाताईंनी डोक्यावर टॉवेल घ्यायचा. दिसलाच नाही तर भीती कशाची? व्हर्नाला ते पटलं नाही, पण 'माझ्यामुळे तुमची सहल मोडायला नको' म्हणत ती कबूल झाली. आणि वेंडेल वेंडेलच असल्यामुळे त्याने आधी एकदा तालीम घ्यायचं ठरवलं. ओपल म्हणाली, "मला केस कापायला जायचंय." तिची तारीख खरोखरच त्या दिवशीची होती की नाही, हे आजवर उघड झालेलं नाही.

मंगळवारी दुपारी वेंडेल व्हर्नाला घेऊन फ्रँकलिनच्या दिशेने निघाला. पूल मैलभर दूर असताना त्याने गाडी थांबवून तिच्या डोक्यावर हिरवा टॉवेल घातला, वाऱ्याने उडू नये म्हणून वरून रुमालाने घट्ट बांधला आणि वीसच्या वेगाने पुढे निघाला, कारण तो बोलून धीर देत होता. "आता झाडं आहेत, व्हर्नाताई. अजून झाडंच आहेत." पुलाच्या अलीकडे मागून निळा दिवा लागला.

पोलीस तरुण होता, सभ्य होता. "साहेब, इतकी हळू का चालवताय?"

"तालीम चाललीय."

"कसली?"

"पुलाची."

पोलिसाने वाकून मागे पाहिलं. मागच्या सीटवर एक वयस्कर बाई. डोकं टॉवेलमध्ये बांधलेलं. दोन्ही हातांनी पुढची सीट घट्ट धरलेली.

"मॅडम, तुम्ही ठीक आहात ना?"

"आला का?" टॉवेलमधून आवाज आला.

"मॅडम, या गाडीत तुम्ही आपखुशीने बसलात का?"

व्हर्ना जन्मात खोटं बोलली नव्हती. "मुळीच नाही," ती म्हणाली. "मी केव्हाची नको नको म्हणतेय. त्यानेच बांधलं मला."

पुढची दहा मिनिटं वेंडेल गाडीच्या बॉनेटवर दोन्ही हात ठेवून उभा होता. पूल बघायला आलेल्या सायकलवाल्यांनी पुलाकडे पाठ केली आणि ते त्याच्याकडे बघत राहिले. पोलिसाने ओपलला फोन लावला. ती सलूनमध्ये होती. फोन सगळ्यांना ऐकू येईल असा लावला होता, तिकडेही आणि इकडेही.

"वेंडेल स्टबलफील्ड तुमचे पती का?"

"काय केलंय त्याने?"

"ते म्हणतात, न्यू ऑर्लीन्सला जायची तयारी चाललीय."

"ते तो चाळीस वर्षं म्हणतोय," ओपल म्हणाली, आणि सलूनमधल्या बायकांचं हसू फ्रँकलिनच्या दरीत घुमलं.

टॉवेल सोडला तेव्हा नेमका व्हर्नाच्या डोळ्यांसमोर पूल. ती गवतात बसली ती उठेना. शेवटी पोलिसानेच तिला आपल्या गाडीत घेतलं आणि खालच्या रस्त्याने घरी सोडलं. ती पुढच्या सीटवर ऐटीत बसून गेली. वेंडेल मागून एकटा आला.

तरीही त्याने हार मानली नाही. पुलांवर तोड काढायला अजून आठ दिवस होते, आणि तक्ता तर पक्का होता. मुख्य म्हणजे नॅचेझचा मुक्काम होता. त्याने फोनवर बोलून ठरवलेली तिथली खोली म्हणजे सगळ्या बेताचा मुकुट होता. 'व्हरांड्यातून पाणी दिसेल ना?' त्याने विचारलं होतं. 'पाण्यात पाय सोडून बसशील, बाळा,' मालकीणबाई म्हणाल्या होत्या. 'आणि जुनी घरं?' 'जुन्याशिवाय इथे आहे काय? मी धरून.' बाई गावाचं नाव जरा विचित्र उच्चारत होत्या. नॅकटिश, नॅकटिश, असं काहीतरी. वेंडेलला वाटलं, कवळी सैल झाली असेल. मोठ्या मनाने त्याने तिकडे दुर्लक्ष केलं.

निघायच्या आदल्या सोमवारी ओपलने व्हर्नाच्या मानेसाठी दोन मऊ उशा सांगायला तिथे फोन केला. वेंडेल शेजारीच तक्त्यावर रेघा मारत होता. त्याला फक्त ओपलचं बोलणं ऐकू येत होतं.

"हो, शुक्रवारी. उत्तरेकडून... श्रीव्हपोर्ट? श्रीव्हपोर्टचा काय संबंध?... लुइझियाना? नाही हो, मिसिसिपी... स्पेलिंग सांगता?"

ती ऐकत राहिली. मग तिने आभार मानून फोन ठेवला.

"वेंडेल," ती म्हणाली, "तू नॅचेझला खोली घेतलेली नाहीस. तू नॅकटिशला घेतलीयस."

"ते एकच ना?"

"स्पेलिंगमधली पहिली पाच अक्षरं एकच, एन-ए-टी-सी-एच. पुढे अडीच तासांचं अंतर आहे. वेगळं राज्य आहे. आणि मध्ये मिसिसिपी नदी आहे."

मिसिसिपी नदीवर पूल होता. तो कसा होता हे नकाशात बघायची गरज दोघांनाही वाटली नाही.

त्या दुपारी वेंडेलने नॅचेझमधल्या खोल्या देणाऱ्या एकूण एक घराला फोन केला. वसंतात तिथली जुनी घरं लोकांना बघायला उघडतात, तेच दिवस होते, गावात उंदराला जागा नव्हती. एका गृहस्थाने गोठ्यावरची माडी देऊ केली, पण बाईमाणूस असेल तर नको म्हणाला. संध्याकाळी वेंडेल नकाशांच्या मधोमध बसून होता. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार दिवस समोर पसरले होते आणि त्यांतलं एकही मिनिट आता कामाचं नव्हतं. त्याला हंट्सव्हिलच्या छपरावर बसल्यासारखं वाटलं. खाली ओपल वाटाणे सोलतेय, आणि उतरायची शिडी कुणीतरी नेलीय.

ओपल येऊन समोर बसली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"मला धबधबा नको होता रे," ती म्हणाली. "नदी नको होती. मला फक्त निघायचं होतं. तुझ्याबरोबर, गाडीत बसून, दार लावून. बस."

वेंडेलने तक्ता जवळ ओढला. तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता.

दुसऱ्या दिवशी ओपलने सगळं पंधरा मिनिटांत ठरवलं. शनिवारच्या विमानात दोनच जागा उरल्या होत्या. त्या तिने घेतल्या, आपल्याला आणि व्हर्नाला. (व्हर्नाला विमानाचं भय नव्हतं. आकाशात पूल नसतात, असं तिचं म्हणणं पडलं.) व्हर्नाच्या चार बॅगा विमानात मावणार नव्हत्या. त्या घेऊन वेंडेलने हमरस्त्याने यायचं. सकाळी निघायचं, संध्याकाळी पोचायचं. जेवणाचं टेबल सातला.

"आणि वाटेत," ओपलने त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "कुठल्याही छपराकडे बघायचं नाही."

शनिवारी चारही बॅगा गाडीत भरून तो सकाळी दहाला निघाला. नऊ तास ट्रक आणि पेट्रोलपंप बघितले. बर्मिंगहॅमजवळ वळण चुकून एकदा गावाला वळसा घातला, मेरिडियनला उभ्या उभ्या गार झालेलं सँडविच खाल्लं, त्यातली मोहरीची पिवळी चटणी शर्टावर सांडली. न्यू ऑर्लीन्सच्या अलीकडे तळ्यावरचा पूल लागला, मैलोन्मैल, संपता संपेना. त्यावर त्याला व्हर्नाची आठवण आली आणि प्रथमच तिचं म्हणणं पटलं. हॉटेलची किल्ली ओपलकडे होती. म्हणून साडेसातला तो चार बॅगांसकट थेट जेवणाच्या जागी पोचला.

आत पांढऱ्या टेबलक्लॉथवर मेणबत्ती होती. ओपलने निळा झगा घातला होता. व्हर्ना कोळंबीची दुसरी थाळी संपवत होती. दोघी इतक्या छान दिसत होत्या की वेंडेल दारातच थबकला. वेटरने त्याला अडवून पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, बॅगा मोजल्या, मोहरी पाहिली, आणि टेबलाशी जाऊन अदबीने विचारलं, "मॅडम, तुमचा ड्रायव्हर सामान घेऊन आलाय. मागच्या दाराला थांबायला सांगू का?"

ओपलने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. 

"तो ड्रायव्हर नव्हे," ती म्हणाली. "ड्रायव्हरला रस्ता माहीत असतो. एक खुर्ची आणा."