वीस थावांची मोहीम

मालक दिनानाथशेट यांनी आज्ञा केली की, हरेश्वर नाखव्याच्या इंजिनाच्या दोन तबकड्या वाया कशा गेल्या, हे मुळापासून लिहून देणे. त्याजवरून सेवक धर्माजी फिटर, मुक्काम करंजा, जे देखिले ते लिहितो. खोटे आढळल्यास पगार कापावा.

शके अठराशे चौऱ्यांशी, श्रावण मास. नाखव्याने होडीस इंजिन आणविले आणि फर्मान सोडिले की, नारळी पुनवेस होडी दर्यात गेलीच पाहिजे, न गेल्यास इंजिन काढून पुन्हा शीड चढवीन आणि तुमच्या कारखान्याची पायरी चढणार नाही. इंजिन आणि पंख्याचा दांडा यांस जोडणारी लोखंडी तबकडी, तीस चार भोके, एवढेच काम उरले. तबकड्या तीनच होत्या. मग सदू कारागीर लढाईच्या लिलावातून आणिलेल्या थोर मिलिंग मशिनीवर चालून गेला. आजवर तिजवर जाडेभरडे कामच जाहले होते. तबकडी मशिनीच्या सरकत्या टेबलावर बांधून उजवीकडील दोन भोके पाडिली आणि हँडल उलटे फिरवून, टेबल माघारी आणून डावीकडील दोन पाडिली. तबकडी इंजिनास लाविली, तो दोन बोल्ट आत शिरले आणि दोन वेशीवरच अडले. डावी भोके वीस थाव चुकली. थाव म्हणजे इंचाचा हजारावा हिस्सा; वीस थाव म्हणजे दोन पोस्टकार्डांची जाडी. एवढ्यावर होडी अडली.

मालकांनी ठरविले की सदूस मोजता येत नाही, आणि खासा मालकांनी हँडल हाती घेतले. दुसरी तबकडी. तेच वीस थाव, तीच बाजू. मालकांनी हँडल सदूस परत दिले.

नाखवा आला आणि भोके पाहून म्हणाला, "शेट, माजी म्हातारी डोलीचं जाळं इनते. हजार भोकं, पन एक इकडचं तिकडं व्हत न्हाय. तिला धाडू का?"

मग मोठी मसलत जाहली. मशिनीखाली पाणसळ लाविली, ती सरळ निघाली. खाऱ्या वाऱ्याचा गंज रॉकेलने पुसला. लिंबू-मिरची बांधिली. मशीन वीस थावांवर कायम राहिली. तबकडी एक उरली आणि पुनवेस दोन दिवस उरले.

दुसरे दिवशी सकाळी सेवक घरी तांदूळ दळीत होता. सेवकाची बायको सगुणा चैत्रात वारली, तेव्हापासून दळण सेवकाकडे आहे. अनाडी हात थकला म्हणून जाते उलटे फिरविले, तो आधी खुंटा भोकात हलला, जाते जागीच. खुंटा ढिला, ही तक्रार सगुणेची बारा वर्षांची. ती म्हणे, "जगाच्या मशनी नीट करता, माजा खुटा मातुर हालतोच हाय. उलटं फिरवलं का आदी खुटा फिरतो, मंग जातं."

सेवक पीठ तसेच टाकून कारखान्यात आला आणि मशिनीच्या टेबलास थाव मोजणारी डायल लाविली. हँडल शंभर थाव पुढे फिरविले, टेबल शंभर गेले. शंभर मागे फिरविले, टेबल ऐंशीच आले. पहिले वीस थाव हँडल एकटेच फिरले. टेबल ओढणारा लांब स्क्रू आणि त्याचा नट झिजून ढिले जाहले होते, दुसरा गुन्हेगार नाही. सदूस हुकूम दिला की, माघारी येताना खुणेवर थांबू नये, फेराभर पलीकडे जावे आणि पुन्हा पुढे येऊन खूण गाठावी, म्हणजे चारही भोकांवर एकाच बाजूने येणे होते.

सदू म्हणाला, "धर्माजीकाका, ही बी गेली तर?"

सेवकाने सांगितले की, जाणार नाही.

चारही बोल्ट आत शिरले. पुनवेस नाखव्याने नारळ अर्पिला आणि होडी करंज्याची खाडी सोडून दर्यात गेली. फत्ते जाहली. दप्तरी सदूचे नाव लिहावे, हात त्याचा होता. दोष सगुणेने दाखविला, परंतु ती हजेरीपटावर नाही.

मशिनीस नवा नट मुंबईहून येतो आहे. घरच्या खुंट्यासाठी पाचर तासून ठेविली आहे, ती अद्याप ठोकली नाही. लिहिले ते खरे.