तत्रैव यांचा पत्ता

या शुक्रवारी प्रबंध जाणार म्हणजे जाणारच! सोमवारी चहा पिता पिता डॉक्टरांनी घोषणा केली. डॉक्टर म्हणजे अजून झालेले नव्हेत हो! सात वर्षं अर्थशास्त्राचा प्रबंध लिहीत होते, म्हणून सगळे त्यांना तसं म्हणत. शेजारच्या काकू तर गुडघाही दाखवून गेल्या होत्या. शुक्रवार चुकला की नोंदणी रद्द आणि सात वर्षं पाण्यात, एवढं मात्र खरं होतं.

विषय होता बाजारातली घासाघीस. अडलं होतं ते संदर्भांपाशी. "वर्तमानपत्रातली कात्रणं, नेटवरच्या गप्पा आणि आईचं मत, याला संदर्भ म्हणत नाहीत!" मार्गदर्शक सर कडाडले होते. "विश्वासार्ह माणूस आणा!"

आणि माणूस सापडला! ग्रंथालयातल्या एका मुखपृष्ठ उडालेल्या जुन्या प्रबंधात पानोपानी, तळटिपेत, एकच नाव होतं: तत्रैव. तब्बल एकशे चाळीस वेळा! एवढा मोठा अर्थतज्ज्ञ आपल्या कानावरूनही जाऊ नये, याची डॉक्टरांना लाज वाटली. त्यांनी घाईघाईने एक्केचाळीस ठिकाणी 'तत्रैव यांच्या मते' घालून टाकलं.

बुधवारी सरांनी पानं चाळली.

"तत्रैव! वा! यांच्याशी आपला फार जुना परिचय."

"खरंच, सर?"

"अहो, अगदी घरोबा! परीक्षक म्हणून त्यांनाच बोलावू. पत्ता तेवढा काढा."

गुरुवारी डॉक्टर ग्रंथपाल बाईंपुढे हजर.

"बाई, हे तत्रैव राहतात कुठे?"

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"अहो, तत्रैव म्हणजे 'तिथेच'! वरच्या टिपेत जो संदर्भ दिलाय तोच. पुन्हा लिहायचा कंटाळा, दुसरं काय!"

डॉक्टर मटकन खाली बसले. पण आशा वाईट असते. निदान वरचा संदर्भ तरी भक्कम निघेल, म्हणून ते पानं मागे मागे उलटत गेले. तत्रैवच्या वर तत्रैव, त्याच्याही वर तत्रैव! अखेर पहिल्या पानावर मूळ टीप सापडली: 'लेखकाच्या आईशी भाजी निवडताना झालेली चर्चा.'

"कोण हा गाढव?" डॉक्टर ओरडले.

"हळू बोला! तुमचेच सर," बाई म्हणाल्या. "पदवी मिळाली तेव्हा मुखपृष्ठ फ्रेम करायला घेऊन गेले, ते गेलेच."

शुक्रवारी डॉक्टरांनी ते पान सरांच्या टेबलावर ठेवलं. सर आधी पांढरे पडले, मग लाल झाले.

"आई आता थकलीय," पान उलटं ठेवत ते म्हणाले. "परीक्षक म्हणून यायचं जमणार नाही तिला."

"सर, मग माझ्या प्रबंधाचं..."

"एक्केचाळीस ठिकाणी आईचं मत? चालणार नाही, हे मी आधीच बजावलं होतं!" आणि गठ्ठा सहीविना परत आला.

डॉक्टर घरी पोचले तेव्हा त्यांना अक्षरशः रडू फुटायचं बाकी होतं. आई भाजी निवडत बसली होती.

"काय रे डॉक्टर, कुठवर आला तुझा प्रबंध?"

"तत्रैव!"